बैल नाहीत तर पोळा कशाचा? गावातल्या सणांबद्दल बोलायचं आहे

वैनगंगाकाठ

राम राम मंडळी. पंधरा दिवसांपासून डोक्यात एकच विषय घोळून राहिला म्हणून हा धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या. मी राहतो नागपुरात, मानेवाड्याकडे, पण मूळ गाव कुही तालुक्यात, बसनं तास-दीड तास. मागच्या रविवारी पोळ्याच्या वर्गणीची बैठक मारुतीच्या पारावर झाली, मी मुद्दाम गेलो होतो. मी दहावीत होतो तेव्हा आमच्या आखरावर, म्हणजे पोळा भरतो त्या मोकळ्या जागेवर, साठच्या वर जोड्या उभ्या राहायच्या, तोरणापासून निघालेली रांग वळसा घेऊन पार शाळेच्या कुंपणाला भिडायची. गेल्या साली जोड्या आल्या सात. त्यातली एक आमची होती आणि ती पण बाबांनी यंदा उन्हाळ्यात विकली.

तर बैठकीत तीन गट पडले. पोट्ट्यांचं म्हणणं की वर्गणी डीजेला लावू, ट्रॅक्टर सजवून रॅली काढू, तेच आजचे बैल आहेत. म्हाताऱ्यांचं म्हणणं सहा तर सहा जोड्या, पण पोळा भरलाच पाहिजे. आणि दोघं-चौघं म्हणाले, बैलच नाहीत तर पोळा कशाचा, बंद करा आणि ते पैसे शाळेच्या पाण्याच्या टाकीला द्या. मला तिघांचंही थोडं थोडं पटतं आणि म्हणूनच झोप लागत नाही.

माझ्यासाठी पोळा म्हणजे आदल्या संध्याकाळची खांदमळणी. वर्षभर वखर-डवरे ओढून जिथं जू बसतं तिथली कातडी काळी पडते, बोट दाबलं तर रुतत नाही इतकी कडक होते. बाबा वाटीत लोणी आणि हळद कालवून आणायचे, अंगठ्यानं ते त्या खांद्यात जिरवायचे, पळसाच्या पानानं शेकायचे, बैल डोळे अर्धे मिटून मान खाली सोडायचा. आणि मग बाबा त्याच्या कानाशी वाकून म्हणायचे, आज आवतन घ्या अन् उद्या जेवाले या. माझ्या बापाला कोणाशी इतक्या हळू आवाजात बोलताना मी दुसऱ्या वेळी ऐकलं नाही.

सण गेला तर गावातून नक्की काय जातं, आणि राहिला तर नक्की काय राहतं, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुमच्या गावचं सांगा.

कपाशीचा_शेतकरी

काटोलकडचा आहे, कास्तकारी करतो. भाऊ, बैल कुठं गेले ते आधी समजून घ्या, मग सणाचं बोलू. आमच्याकडं ज्वारी होती तोवर कडबा होता, कडबा होता तोवर बैल होता. सोयाबीन आलं आणि ज्वारी बांधावरून पण गेली, उरलीसुरली पाखरं आणि रानडुकरांनी संपवली. सोयाबीनच्या कुटारावर बैल किती दिवस जगवाल, आणि ढेपीचा भाव विचारूच नका. पहिले कपाशीत डवरणी बैलाशिवाय व्हायची नाही, तिथं आता तणनाशक मारतात. नांगरटी ट्रॅक्टरनं, पेरणी ट्रॅक्टरनं. वर्षातून वीस-पंचवीस दिवसांच्या कामासाठी जोडी बारा महिने पोसायची तर माणूस पण एक गुंतून पडतो. वरून २०१५ ला कायद्यात बैल पण आले, म्हातारा बैल विकायची वाट बंद झाली, गरीब माणूस त्याला खाऊ घालेल का लेकराला. मी बैलाला देव मानतो, माझ्याकडं आजही एक जोडी आहे, पण ज्यानं विकली त्याला मी नाव ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. पोळा येतो तेव्हा कास्तकाराच्या खिशात दमडी नसते. पीक उभं असतं, खत-फवारणीत सगळं गेलेलं असतं, सोयाबीन निघायला अजून महिना-दीड महिना आणि कापूस त्याच्याही मागून. तरी सालदाराला कपडे, बैलांना नवा साज, घरी पुरण, पोरीला माहेरी आणायचं. कृषी केंद्राची उधारी आणि सणाची उधारी एकाच वहीत चढते. पूर्वी सण गावाच्या हिशोबानं व्हायचा, वेसण-कासरा सालाच्या धान्यात यायचा, सुतार लोहार कुंभार सगळे बलुत्यात. आता प्रत्येक वस्तू रोखीनं. म्हणून सण जड झाला.

निळी_पहाट

धागा चांगला आहे, आणि मनापासून लिहिलाय म्हणून मी पण मनापासून लिहितो, कोणाला टोचलं तर माझा तो हेतू नाही.

तुम्ही साठ जोड्यांची रांग सांगितली. त्या रांगेत पहिली जोडी कोणाची असायची? आमच्या गावात मानाची जोडी पाटलाची, तिच्या मागं मोठे शेतकरी, आणि ज्याच्याकडं जोडी नाही तो रांगेच्या बाहेर. आमच्या लोकांच्या वाट्याला वाजवणं, तोरणाला आंब्याचे टाळे आणणं, आणि मेलेलं ढोर ओढणं. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली आणि गावात परत येऊन ही सगळी गावकीची कामं सोडली. आजी सांगायची, पुढच्या पोळ्याला वाजवायला कोणी गेलं नाही तर सहा महिने किराणा दुसऱ्या गावाहून आणावा लागला. म्हणजे सणानं गाव जोडलं जातं हे खरं, पण कोणाला कुठं उभं करून जोडलं जातं हे पण सणातच दिसतं.

आता आमचा सण सांगतो. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, आमच्या गावातून दोन गाड्या भरून लोक नागपूरला येतात, पूर्वी बैलबंडीनं यायचे. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. तरी दर साली ती दीक्षाभूमीच्या रस्त्यावरच्या पुस्तकांच्या रांगेत उभी राहून एक पुस्तक विकत घेते. मी लहान असताना विचारलं, तुले वाचता येत नाही तर कायले घेते? म्हणाली, तुले तर येते ना. आज घरात ती पुस्तकं एका पेटीत आहेत, माझी पोरगी वाचते. मला वाटतं सणाचा गावावर परिणाम म्हणजे काय, तर हा. एक दिवस बाहेर जाऊन आलेला माणूस गावात परत येताना काय घेऊन येतो.

पोळा बंद करा असं मी म्हणत नाही. बैल सगळ्यांचाच राबतो. पण पुन्हा उभा करणार असाल तर पहिल्या जोडीचा मान चिठ्ठी टाकून ठरवा. बघा जमतं का.

वैनगंगाकाठ

@निळी_पहाट, टोचलं, आणि टोचायलाच पाहिजे होतं. आमच्या गावात पण पहिला मान एकाच घराचा आहे आणि मी लहानपणापासून ते बघत आलो, कधी प्रश्न पडला नाही कारण आमची जोडी चौथी की पाचवी असायची. मी चिठ्ठीची गोष्ट पुढच्या बैठकीत मांडतो. शब्द देतो.

माहेरवाशीण

इथं सगळे आखरावरचं बोलून राहिले, घरातलं कोणी बोललं नाही. मी कळमेश्वर तालुक्यातल्या गावची, सासर नागपूर. पोळ्याच्या दिवशी बाई पहाटे चारला उठते. पुरण शिजवायचं, वाटायचं, वडे, करंज्या, कढी, दारापुढं सडा-रांगोळी, आणि आखरावर तिनं जायचं नाही, तिनं दारात ताट घेऊन उभं राहायचं. बैल आले की त्यांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणपोळी खाऊ घालायची, बैलवाल्याला बोजारा म्हणजे ओवाळणीचे पैसे द्यायचे. आमची आई अंगणात उभ्या-उभ्या जेवायची हे मला आठवतं, बसून जेवलेली आठवत नाही. आणि बैल गेले की माणसं कुठं? पत्त्याच्या फडावर. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची कर हे दोन दिवस आमच्याकडं जुगार आणि दारूचे म्हणून बायका घाबरून असतात. माझ्या एका काकूचं मंगळसूत्र पोळ्याच्या रात्री गहाण पडलं होतं. हे पण सणाच्या नावावरच झालं.

तरी मला सण पाहिजे. का ते सांगते. शेतकऱ्याच्या घरच्या लेकीला माहेरी यायला कारण लागतं. सासरी नुसतं आईची आठवण येते असं सांगून कोणी पाठवत नाही, पण पोळा, भुलाबाई, भाऊबीज म्हटलं की पाठवतात. चार दिवस आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोरगी काय ते बोलून घेते. कोणाचा नवरा मारतो, कोणाच्या पोटात दुखतं, कोणाची पाळी चुकली, हे सगळं अशाच वेळी कळायचं. माझ्या मोठ्या बहिणीच्या छातीतली गाठ भुलाबाईच्या वेळी आईला कळली, वेळेवर नागपूरला आणलं म्हणून आज ती आहे.

भुलाबाई ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडतात, रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची असते. डबा हलवून आवाजावरून ओळखायचं, गोड की तिखट, दाण्याची की खोबऱ्याची. त्या गाण्यांमध्ये सासूला, नणंदेला जे काय बोलायचं ते सगळं बोललेलं आहे. आठ-दहा वर्षांच्या पोरी ते म्हणत मोठ्या व्हायच्या म्हणजे संसार काय असतो याची तयारीच व्हायची. आमच्या गावात हे बंदच पडलं होतं, ट्यूशन आणि मोबाईल. तीन सालापासून आम्ही बचत गटाच्या बायकांनी परत सुरू केलं, जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात मांडतो, कोणत्याही घरची पोर येते. पहिल्या साली अकरा पोरी होत्या, गेल्या साली मोजल्याच नाहीत, व्हरांडा पुरला नाही.

झाडीची_लेक

माहेरवाशीण ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझं माहेर वडसा, आता नोकरीनिमित्त नागपूरला. आमच्याकडची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही.

भाऊबीजेपासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगावी मंडई भरते. धान निघत असतं किंवा निघालेलं असतं, म्हणजे हातात थोडा पैसा असतो. तलावातले शिंगाडे, ऊस, भजी, बांगड्या, आणि दंडार, म्हणजे आमचं लोकनाट्य. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, म्हणून पाहुणे या गावाहून त्या गावाला फिरत राहतात. सोयरीक तिथंच जुळते, पोरगा-पोरगी एकमेकांना लांबून पाहून घेतात, कोणाच्या घरी किती पोती झाली तेही कळतं. आणि रात्री नाटक. आमचं वडसा म्हणजे देसाईगंज हे झाडीपट्टी नाटकांचं माहेर, दिवाळी झाली की रस्त्यावर कंपन्यांचे बोर्ड, बुकिंगची गर्दी. गावचं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देऊन नाटक घेतं, तिकीट लावतं, वरचे उरले ते शाळेला, देवळाला, कोणाच्या दवाखान्याला. पडदा रात्री दहा-अकराला उघडतो आणि पहाटे पडतो, घोंगड्या पांघरून लोक बसलेले. मुंबई-पुण्याच्या लोकांना खरं वाटत नाही की तिकीट काढून हजारो माणसं खेड्यात रात्रभर नाटक बघतात. याच रंगभूमीतल्या परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी अक्षरशः पेढे वाटले.

आता बैलाशी याचा काय संबंध ते बघा. पूर्वी दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असायचा. पटाला शंभर कोसांवरून बैलवाले यायचे, रात्री ते पाहुणे राहणार कुठं आणि करणार काय, म्हणून नाटक. २०१४ च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. बैलांचे हाल होतात हे खोटं नव्हतं, शेपटी पिरगाळणं, तुतारी म्हणजे अणकुचीदार काठी टोचणं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला ते कधीच आवडलं नाही. पण पट गेला तशी पाहुण्यांची गर्दी ओसरली, आमच्या बाजूच्या दोन गावांनी नाटक घेणंच सोडलं. डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली, २०२३ ला घटनापीठानंही ती मान्य केली, आणि पट परत सुरू झाले. एक सण ओढला की दुसरा त्याच्या मागं येतो, आणि एक सोडला की दुसरा निसटतो. हार्मोनियमवाला, मेकअपवाला, पडदे रंगवणारा, मांडवाचे बांबू देणारा, चहाची टपरी टाकणारी विधवा बाई, ही सगळी माणसं त्या साखळीत असतात.

पोट्टा_उमरेडचा

डीजेवाल्या गटाकडून मी बोलतो, कारण आमच्या गावात मी त्याच गटात आहे. आम्हाला झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची गाणी, येत नाहीत कारण कोणी शिकवल्याच नाहीत. आखरावर म्हातारे लोक एक नमन गौरा पारबती म्हणून सुरू करतात, हर बोला हर हर महादेव झालं की पुढचं आम्हाला समजत नाही आणि विचारलं तर तुमाले काय कळते म्हणून हाकलतात. डीजे लावला की निदान आम्हाला वाटतं की हा आमचा पण दिवस आहे. पुण्याला कंपनीत बारा-बारा तासाची शिफ्ट करून दोन दिवसांची सुट्टी घेऊन येतो आम्ही. गावात आमच्यासाठी करायला काम ठेवा, आम्ही करू. नुसतं वर्गणी द्या आणि बाजूला उभे राहा, हे नको.

इतवारीवाला

इतवारीत आमचं तीन पिढ्यांचं दुकान, बैलांच्या साजाचं. झूल, मठाट्या, गोंडे, बेगड, घुंगराच्या माळा, सुती कासरे. माझ्या वडिलांच्या काळात पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसायची, मौदा, पारशिवनी, रामटेक, थेट शिवनीपर्यंतचे लोक यायचे. आता तोच माल मी चौथाई मागवतो. आणि खपतं काय, तर तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी. तान्हा पोळा नागपूरकर भोसल्यांनी लेकरांसाठी सुरू केला असं सांगतात, सिंदी रेल्वेचे मोठमोठे नंदी तर बघण्यासारखे. अपार्टमेंटमधली पोरं नंदी घेऊन लाईनीत उभी राहतात, कोणी शेतकरी, कोणी शिवाजी महाराज बनून. चांगलंच आहे. पण गेल्या साली एका लेकरानं मला विचारलं, काका, खरा बैल इतकाच असतो का? मी त्याला दुकानाच्या मागं नेऊन पूर्ण मापाची झूल जमिनीवर पसरून दाखवली. त्याच्यावर तो आडवा झोपला आणि म्हणाला, एवढा?

त्याच दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इकडं मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, सोबत बडगे म्हणजे बाकीचे पुतळे. खेड्यात लोक दाराशी ठेवलेल्या पळसाच्या मेढी पहाटे उचलून गावाबाहेर फेकतात, घेऊन जा गे मारबत म्हणत, शहरात तीच हाक हजारो लोक रस्त्यावर देतात. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा राग असेल त्याचा बडग्या. खेड्यातली माणसं अजूनही बसा-टेम्पो भरून मारबत बघायला येतात. दुकानात पाणी प्यायला थांबतात, भावाची चौकशी करतात, कधी एखादा गोंडा घेतात आणि म्हणतात, बैल नाही, दाराले बांधतो.

कपाशीचा_शेतकरी

दाराले बांधतो. काय बोलू आता. उमरेडच्या भाऊला एक सांगतो, तू काटोलला ये, झडत्या मी शिकवतो, माझ्या आज्याच्या तोंडच्या आहेत, सावकारावर, दुष्काळावर, बायकोवर, सगळ्यांवर आहेत. मोबाईलमध्ये रेकॉर्ड कर. मी हाकलणार नाही.

वैनगंगाकाठ

पोळा होऊन आठवडा झाला, सांगायला उशीर झाला.

दुसरी बैठक जोरात झाली. डीजे नको यावर शेवटी एकमत झालं, आणि ते म्हाताऱ्यांमुळं नाही तर उमरेडच्या भाऊची पोस्ट मी मोबाईलवरून वाचून दाखवली म्हणून. पोट्ट्यांनी अट घातली की तोरण बांधणं, आखर साफ करणं, माईक, सगळं आमच्याकडं द्या. दिलं. त्यांनी आखरावरचं वीस वर्षांचं गाजरगवत एका दिवसात काढलं. सजवलेले नऊ ट्रॅक्टर पण आले, पण बैलांच्या मागं आणि बंद करून उभे. वर्गणीतून तीन हजार रुपये टाकीला गेले, टाकीला ते पुरणार नाहीत पण सुरुवात झाली.

चिठ्ठीची गोष्ट मी मांडली. पहिल्या मानाच्या घरचे काका उठून गेले. दोन-तीन जण मला म्हणाले, शहरात राहून गावात भांडण लावतो का? मान यंदा जुनाच राहिला. पण गावातल्या बौद्ध वस्तीतल्या एका ताईंकडं स्वतःची जोडी आहे, नवरा गेल्यापासून शेती त्याच करतात, दर साली त्यांची जोडी सालदाराच्या हाती यायची आणि शेवटी उभी राहायची. यंदा त्या स्वतः कासरा धरून आल्या आणि रांगेत तिसऱ्या जागी उभ्या राहिल्या. कोणी काही म्हटलं नाही. माईकवाल्या पोट्ट्यानं त्यांचं नाव पूर्ण घेतलं. @निळी_पहाट, माझा शब्द अर्धाच पूर्ण झालाय, पुढच्या साली परत मांडतो.

आणि बाबांचं. आदल्या दिवशी संध्याकाळी आईनं सवयीनं लोणी-हळद कालवली आणि मग वाटी ओट्यावर ठेवून तशीच उभी राहिली, कारण गोठा रिकामा. बाबांनी वाटीतलं सगळं जेवणाच्या डब्यात काढलं आणि मला म्हणाले, गाडी काढ. आमची जोडी ज्यांनी घेतली ते नऊ किलोमीटरवर राहतात. गेलो. त्या घरच्या माणसानं एका शब्दानं विचारलं नाही का आले म्हणून, स्वतःच पळसाची पानं आणून दिली आणि कंदील धरून उभा राहिला. डाव्या बैलानं बाबांचा वास लागताच कान मागं टाकले. बाबांनी दोघांचे खांदे चोळले, चांगली अर्धा तास, मग वाकून कानाशी बोलले. आवतन आता त्या घरचं होतं, म्हणून यावेळी ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.